नवस सोडला, डायलिसिस नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. "देवावर सोडलं म्हणता, म्हणजे नक्की काय केलंत?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एव्हाना उत्तर पाठ व्हायला हवं होतं, पण होत नाही.

आमच्या ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, एका वेळी चार तास, आणि दिवसाला एक लिटर पाणी, त्यातच चहा-ताक सगळं आलं. पहिलं वर्षभर मी विठोबाशी निव्वळ घासाघीस केली. सासूबाईंची किडनी ह्यांना बसवायला चालू दे, पायी वारी करीन. त्यांना शुगर निघाली. मग माझी चालू दे, गोड सोडीन. ह्यांचा ग्रुप ओ, त्यांना सहसा ओवाल्याचीच लागते, माझा बी. एक नवस फेल गेला की मी लगेच पुढचा रेट द्यायचे, भाजीवाल्याला देतात तसा. शेवटी मृत दात्याची किडनी मिळावी म्हणून वेटिंग लिस्टवर नाव घातलं आणि हॉस्पिटलचा फोन कधीही येईल म्हणून फोन घेऊन बाथरूममध्ये जायला लागले.

मग आषाढी आली. सासूबाई माळकरी, हेही लहानपणापासून एकादशी धरणारे, हट्टच धरून बसले की आज उपास करणार. आता आपल्या उपासाला काय असतं, बटाटा, रताळं, केळं, शेंगदाणे, वर शहाळं, म्हणजे सगळं पोटॅशियमच, आणि ते वाढलं की हृदयच बंद पडू शकतं! मी ओरडणार तेवढ्यात सासूबाईंनी पांढरा भात आणि उकळून पाणी फेकलेली दुधीची भाजी ताटात वाढली, एकादशीला, त्या घरात. म्हणाल्या, "खा. माझा उपास मी करते. तुझा त्यानं आधीच लावून दिलाय, एक लिटर पाण्याचा."

ओट्यापाशी उभी होते मी, माझ्या सगळ्या नवसांची लाजच वाटली.

तर सोडलं ते एवढंच, सौदा. वजन रोज सकाळी करते, गोळ्यांचा डबा भरते, डायलिसिस एकही चुकवत नाही. देवावर सोडा म्हणजे गप्प बसा असं सांगणारे लोक तुकोबांचं नाव पुढे करतात ना, त्याचा मला फार राग येतो. 1630 च्या दुष्काळात त्यांची बायको गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला, आणि त्यानंतर त्या माणसानं देहूचं पडकं देऊळ बांधायला घेतलं, हातावर हात ठेवून नाही बसला.

भीती वाटते का? वाटते की. भांडतेही मी त्याच्याशी, बुधवारी जास्त, का ते माहीत नाही.

फोन रात्री अजून उशाशीच असतो, आवाज फुल करून. फक्त आता तासातासाला उठून बघत नाही.