आधी म्हसरं सोडा

आमच्याकडे पाणी महाराष्ट्रातून येतं आणि नोटीस बेळगावहून. निपाणी तालुक्यातली दूधगंगा-वेदगंगेच्या काठची गावं दर जुलैत या दोघांच्या मधे सापडतात. काळम्मावाडी आणि पाटगाव ही दोन्ही धरणं कोल्हापूर जिल्ह्यातली. तिथून किती क्युसेक सोडलं ते मोबाईलवर मराठीत कळतं, घरं रिकामी करा हे कन्नडात. त्यात खाली कृष्णा फुगलेली असली की दूधगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं नदीकाठच्या मळीच्या रानात पसरतं. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत यमगर्णीजवळ हायवेच बंद पडला होता. आतल्या गावांचं काय झालं असेल ते समजा.

मी या गावांत मानसिक आरोग्याचं काम करते. तसं सांगितलं तर लोक दार लोटून घेतात, म्हणून आशाताईंबरोबर बीपी बघायला जाते आणि झोप लागते का, एवढंच विचारते. पुराचं बहुतेक दुखणं तिथूनच बाहेर पडतं.

खालच्या गल्लीतल्या एका आक्कांचं तसंच. २०१९ ला रात्री घर सोडताना त्यांच्या दोन म्हशी साखळीलाच राहिल्या. तेव्हापासून पाऊस लागला की आक्का रात्रभर बॅटरी घेऊन घाटावर फेऱ्या मारायच्या. पोरगा वैतागलेला. "बाई, हिला येड लागलंय, बांधून घालू काय?" असं त्यानं आईसमोरच विचारलं.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी थोड्या दिवसांची गोळी दिली, पण पाणी बघणं तोडू नका म्हणाले. त्याला वेळ बांधून द्या. मला आधी ते पटलं नव्हतं. भीतीलाच खतपाणी घालतोय असं वाटलं. पण मोकाट बघणं वेगळं आणि ठरल्या वेळी बघणं वेगळं. गाव दिवसातून दोनदा डेअरीला दूध घालायला येतंच. तीच वेळ धरली. आक्कांनी घाटाची पायरी बघून यायचं आणि नातीनं डेअरीच्या फळ्यावर आकडा लिहायचा. रात्रीची पाळी तरुण मंडळाकडे. (मंडळानं ती कुरकुरतच घेतली. गणपतीच्या वर्गणीला येतो तो जोर इथं नव्हता.) फळ्याशेजारी आशाताईंनी यादी लावली होती: कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुठं बाळंतीण, कुणाची किती जनावरं, आणि गायरानातल्या शाळेत कुणी कुणाला न्यायचं.

तो दिवस त्यानंतरच्या जुलैतला. मी अंगणवाडीत होते. दुपारी मोबाईलवर मेसेज फिरला की काळम्मावाडी फुटलं, दोन तासांत पाणी गावात. पाच मिनिटांत गल्लीचा रंग पालटला. ट्रॅक्टर आडवे लागले, कुणी टीव्ही डोक्यावर घेऊन पळालं, एक सून उंबऱ्यातच थरथरत बसली, तिला श्वास पुरेना. मी तिच्याजवळ बसले. अशा वेळी मागच्या पुराचं काही खोदून विचारायचं नसतं. पाय जमिनीला टेकव, माझ्याबरोबर सावकाश श्वास सोड, पोर कुठं आहे ते सांग. पोर अंगणवाडीतच होतं. आणून मांडीवर दिलं, तेव्हा हात थांबले.

तोवर लोक डेअरीपाशी जमले होते. प्रत्येक जण दुसऱ्याला 'खरं काय?' विचारत होता. पीडीओंचा, म्हणजे पंचायतीच्या अधिकाऱ्यांचा, फोन लागत नव्हता. आक्का घाटावरून आल्या.

"सकाळी अकरावी पायरी, आत्ता बी अकरावीच."

"आक्का, धरण तिकडं फुटलंय, तुमची पायरी काय सांगतीया?" एक पोरगं ओरडलं.

त्याचं चूक नव्हतं. इतक्या लांबचं धरण पायरीवरून कळत नाही.

"न्हाई सांगत," आक्का म्हणाल्या. "फुटलं असंल तर असू दे. आधी म्हसरं सोडा. खालच्या गल्लीची पयली. मग धरणाचं बघू."

आणि यादीतली नावं त्यांनी तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली. त्यांना वाचता येत नाही. नातीकडून ऐकून ठेवलेली होती. नाव निघालं की तो माणूस हलायचा. हाताला काम लागलं तसा गलका उतरत गेला. कुणीतरी राधानगरीकडच्या पाहुण्याला फोन लावला. आमच्या भागात कचेरीपेक्षा पाहुणे लवकर फोन उचलतात. धरण धड होतं, विसर्ग तेवढा वाढवला होता. पण सोडलेली जनावरं कुणी परत आणली नाहीत, आणि ते बरंच झालं, कारण रात्री पाणी खरंच चढलं. खालची गल्ली अंधार पडायच्या आत शाळेत पोचली होती.

आक्का बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही. ऑगस्टात त्यांची झोप अजून मोडते, गोळीही पुन्हा चालू करावी लागली. पोरगा आता 'येड' म्हणत नाही, पण चिडतो. त्याला मी टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर दिलाय, कारण त्यालाही बोलायला कुणी नाही. त्यानं नवी म्हैस आणली तेव्हा आक्कांनी साखळी घालू दिली नाही. दोर हवा, आणि ओढला की सुटेल अशी सुरगाठ. खालच्या गल्लीत आता बऱ्याच गोठ्यांतून साखळ्या गेल्यात. हे मी सुचवलेलं नाही, आशाताईंनीही नाही.