हिडकलचा वारा आणि दोन चौरस मीटरचा पतंग

मे महिन्यात बेळगावहून हिडकलला जाण्याचे आमचे कारण हुन्नूरचे विठ्ठल मंदिर नव्हते, हे आधीच सांगितलेले बरे. उन्हाळ्यात घटप्रभेवरील धरणाचे पाणी ओसरते, एरवी पाण्यात बुडालेले ते मंदिर उघडे पडते आणि काठाला झाडे व विजेच्या तारा नसलेली भरपूर मोकळी जमीन मिळते. काईटसर्फिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवर उभे राहून पाण्यावरून सरकण्याचा खेळ, शिकायला समुद्रावर जाण्याआधी पतंग हाताळण्याचा सराव जमिनीवर करायचा असतो, आणि बेळगाव शहरात त्यासाठी अशी जागा नाही. महामार्गावरच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखे काही घडले नाही.

निपाणीहून आलेल्या मावसभावाने मात्र गाडीतून बारा चौरस मीटरचा, कोणीतरी वापरून विकलेला जुना पतंग बाहेर काढला, आणि माझा दिवस तिथेच बिघडू लागला. तो स्वस्तात मिळाला, हे त्याचे एकमेव समर्थन होते. फ्रान्समधील लेगेन्यू बंधूंनी हवा भरून फुगवण्याच्या पतंगाचे पेटंट १९८४ साली घेतले. पुढे २००५च्या सुमारास जे बो पद्धतीचे पतंग आले, त्यांत हातातला दांडा पुढे ढकलला की ओढ जवळजवळ संपते. भावाचा पतंग त्याआधीच्या घडणीचा होता. दांडा कितीही ढकलला तरी तो पुरेसा ढिला पडत नाही, आणि संकटात पतंग सोडवण्याची जी कळ असते तिच्यात वाळू अडकून ती दोन्ही हातांनीही सरकत नव्हती. या सुटकेच्या यंत्रणेसाठी आता आयएसओ २१८५३ हे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक आहे. नवशिक्याने पतंगाचा रंग पाहण्याआधी ही कळ स्वतः ओढून पाहावी, असे माझे ठाम मत आहे. मी तो पतंग फुगवू दिला नाही. भाऊ दुपारपर्यंत माझ्याशी नीट बोलला नाही.

आम्ही उडवला तो माझा दोन चौरस मीटरचा सरावाचा पतंग. त्याला हवा भरावी लागत नाही, दोऱ्या दोनच असतात आणि तो एवढा लहान दिसतो की लोकांना खेळणे वाटतो. खरी अडचण तिथेच सुरू झाली. दर्शनाला आलेली मंडळी मोबाइल उंचावत आमच्याभोवती जमली, आणि चित्र चांगले यावे म्हणून नेमकी वाऱ्याच्या खालच्या अंगाला, पतंगाच्या थेट पुढ्यात उभी राहिली. पतंग डोक्यावर असतो तेव्हा ओढ सर्वांत कमी असते. तो समोर खाली आला की ती एकदम वाढते. त्यात जलाशयाभोवतीच्या टेकड्यांमुळे वारा सलग येत नाही, झोताझोताने येतो, आणि वेग दीडपट झाला की ओढ सव्वादोनपट होते. ताणलेली बारीक दोरी त्वचा कापते. हे सारे मी विनवून, मग आवाज चढवून, मराठीत आणि माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सांगितले. उत्तरादाखल दोन मुले दोऱ्यांखालून पळत गेली. आपल्याकडे गर्दीला कुतूहल अमाप असते, पण दुसऱ्याने राखलेले अंतर तिला अपमान वाटते.

शेवटी धोतर नेसलेले एक वयस्कर शेतकरी पुढे आले. त्यांनी पतंगाकडे फारसे पाहिलेही नाही, मूठभर माती उचलून हवेत सोडली आणि जमावाला म्हणाले, “उफणताना भुसाच्या वाटेत कोण उभं राहतंय काय? सरा सगळी ह्या अंगाला.” सगळे सरकले. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही पण दमानं घ्या, चारनंतर वारा फिरतोय हितं.” वारा चारच्या सुमारास खरोखरच फिरला, आणि तोवर आम्ही दोऱ्या गुंडाळल्या होत्या. त्यांच्या घरी मिळालेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नाकारणे शक्य नव्हते; भावाचा अबोलाही तिथेच सुटला.

जेवताना त्याने विचारले की आता घ्यायचे तरी काय. पतंगाची ओढ हातांऐवजी अंगावर घेणारा हार्नेस आधी घ्यावा, आणि तो कमरेच्या पट्ट्याऐवजी मांड्यांतून बांधण्याचा असावा, असे मी सांगितले, कारण नवशिक्याचा पतंग बराच वेळ डोक्यावर असतो आणि त्या ओढीने कमरेचा पट्टा बरगड्यांवर चढतो. हेल्मेट आणि आघात झेलणारे जाकीट स्वतःच्या मापाचे हवे. फळी मोठी, साधारण १४० ते १५० सेंटिमीटरची असली की कमी वाऱ्यातही पाण्यावर उभे राहता येते, पण ती विकत घेण्याची घाई नको. गोव्यात मोरजीला शिकायला गेल्यावर पतंग आणि फळी शिकवणाऱ्यांकडूनच मिळतात, शिवाय बचावाची सोयही असते. हिडकलच्या पाण्यात आमच्यासाठी तशी कोणतीच सोय नव्हती, म्हणून आम्ही पाण्यात उतरलो नाही. बारा मीटरचे ते धूड विकून टाकावे, असेही मी सुचवले. त्यावर भाऊ म्हणाला की ते कोणाला विकायचे नाही, कापडाचे शेतावर छप्पर करायचे. दोऱ्या मात्र मी कापून माझ्याकडे ठेवल्या.