सावतोबांची मिरची

ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. ही बातमी मला पहाटे साडेपाचला कळली, कारण आमच्या फोनवरच्या ग्रुपमधल्या नागपूरच्या काकांना झोप येत नाही. पाच मिनिटांनी पुरवणी आली, 'त्यातलं एक पोहताना थांबतं. म्हणून गडी पोहायचा कंटाळा करतो, सरपटत जातो.' दात घासताना माझ्या डोक्यात तो ऑक्टोपसच.

आम्ही सात-आठ जण आहोत, सगळी ओळख फोनवरची. कुणाच्या घरी किती माणसं, कुणाचा गुडघा दुखतो, यातलं फारसं काही ठाऊक नाही. पण कोण कशानं चकित होतं, हे पक्कं ठाऊक आहे. कोल्हापूरच्या दादांना खाण्यातलं काही लागतं. साताऱ्याच्या बाई मराठी शिकवून निवृत्त झाल्या, त्यांना शब्दातलं. न्यू जर्सीतला पोरगा कायम आभाळात. शुक्राला स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला आपले 243 दिवस लागतात आणि सूर्याभोवतीची प्रदक्षिणा मात्र 225 दिवसांतच उरकते, हे त्यानंच पाठवलं. त्यावर दादा म्हणाले, 'म्हणजे फिरायला कमी आणि वळायला जास्त वेळ. आमची म्हैस!'

नियम एकच. काहीही आलं की कुणीतरी 'खरंय का हे?' विचारायचं. हा नियम माझ्यामुळे झाला. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, असं मी एकदा छातीठोक लिहिलं होतं. पोरगा शांतपणे म्हणाला, 'काका, लांबी हजारो किलोमीटर असेल, पण रुंदी तुमच्या गल्लीएवढी. पावणेचार लाख किलोमीटरवरून तुमची गल्ली दिसते का?' मी दोन दिवस गप्प होतो.

आता मला दूरच्या नवलांपेक्षा ताटातलं नवल जास्त आवडतं. ऑक्टोपसची हृदयं तीन असोत की तेरा, माझं काही बिघडत नाही. पण उपासाच्या ताटाचं बघा. बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबस 1492 साली तिकडे पोचला, त्यानंतर हा शिधा जहाजांतून जगभर फिरला. आपल्याकडचा साबुदाणा तामिळनाडूत सेलमकडे होतो, पण तो ज्या कंदाचा करतात, तो टॅपिओकाही दक्षिण अमेरिकेतला. राजगिरासुद्धा तिकडचाच. म्हणजे 'एकादशी अन् दुप्पट खाशी' यातलं जे आपण दुप्पट खातो, ते सगळं पाहुणं. वरी आणि शिंगाडा तेवढे जुने जाणते.

हे मी पाठवलं तेव्हा दादा हादरले. 'मिरची पण? मग आमचे पूर्वज रस्सा तांबडा कशानं करत होते?' मिरी, पिंपळी, आलं यांवर तिखटाची तहान भागत असे, हे ऐकून त्यांनी नुसता रडका चेहरा पाठवला.

बाईंचं उत्तर रात्री आलं. एकच ओळ : 'लसूण मिरची कोथिंबिरी, अवघा झाला माझा हरी.'

मी उठून बसलो. अरणच्या सावता माळ्यांचा अभंग. त्यांनी समाधी घेतली 1295 साली. वास्को द गामा कालिकतला उतरला 1498 मध्ये, आणि मिरची आली ती पोर्तुगीजांच्या मागून. म्हणजे सावतोबांच्या मळ्यात कांदा होता, मुळा होता, लसूण-कोथिंबीर होती. मिरचीचं रोप असणं शक्यच नाही. लहानपणापासून हजारदा ऐकलेला अभंग, आणि दोनशे वर्षांची ही फट कधी दिसली नाही.

मग जी जुंपली! काकांचं म्हणणं, मूळ शब्द 'मिरी'च असणार, संस्कृत मरिच म्हणजे मिरीच. नवी तिखट शेंग आली तेव्हा तिला जुन्या तिखटाचंच नाव पडलं, म्हणून आपण फसतो. पोरगा म्हणाला, मिरी मळ्यात कुठे पिकते, तिला कोकणा-केरळातला दमट डोंगर लागतो. बाईंनी शेवटी समजावलं : अभंग शतकानुशतकं तोंडी फिरले. गाणाऱ्याच्या परड्यात जे उगवलं, ते त्यानं ओळीत खुडून टाकलं. मला हे फार पटलं. शाबीत कसं करायचं, हा प्रश्न वेगळा; पण कुठल्याशा अनाम वारकऱ्यानं आपल्या दारची मिरची विठ्ठलाच्या टोपलीत सरकवली, या कल्पनेनं मी रात्रभर खूश होतो.

आषाढीला आई खिचडी परतत होती, तेव्हा तिला हे सगळं सांगितलं. सावतोबा, वास्को द गामा, टॅपिओका. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'कुठून का आलं असेना, तू दाण्याचं कूट दे इकडे.'

हे मी लगेच सगळ्यांना कळवलं. न्यू जर्सीहून फोटो आला. त्यानंही खिचडी केली होती, साबुदाणा भारतीय दुकानातून आणलेला. खाली लिहिलं होतं, 'म्हणजे माझा साबुदाणा माहेरी आलाय.'

बाईंनी दोन मिनिटांत दुरुस्ती पाठवली : 'माहेर दक्षिण अमेरिका. न्यू जर्सी फार तर मावशीचं घर.'