टायपिंगच्या टेबलांवरून ज्येष्ठांच्या वर्गाकडे : आमची वाटचाल

माझ्या सासऱ्यांची सोलापुरात, नव्या पेठेत टायपिंग इन्स्टिट्यूट होती. अकरा रेमिंग्टन, त्यातली चार मराठी कळफलकाची. मुलं संगणकाकडे वळली आणि एकेका यंत्रावर कव्हर चढत गेलं. 2011 साली त्याच टेबलांवर आम्ही साठीच्या पुढच्या माणसांचा वर्ग सुरू केला. सोमवार ते शुक्रवार मोबाईल, एटीएम, पासबुक वाचणं, अर्ज भरणं आणि शनिवारी एक व्याख्यान. फी तेव्हा महिना दीडशे रुपये. सोबत भागीदार म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक होते. आम्ही सगळे त्यांना नुसतं सर म्हणतो. त्यांनी पैसे कमी घातले, पण स्वतःच्या वह्या आणल्या.

पहिल्याच महिन्यात कळलं, जिना चढून येणारी माणसं जिन्यातच दमतात. वर्ष संपायच्या आत साखर पेठेत तळमजल्यावर जागा घेतली. शाहाबादी फरशीवर प्लॅस्टिकची खुर्ची सरकते, म्हणून हात असलेल्या लाकडी खुर्च्या करून घेतल्या. गुडघे दुखणारा माणूस हातांवर जोर देऊनच उठतो. कुणी असा वर्ग काढणार असेल तर त्यांना माझं सांगणं आहे, प्रोजेक्टर नंतर घ्या, खुर्च्या आधी घ्या.

जागा पूर्व भागात आल्यावर आमचा वर्गच बदलला. यंत्रमागावर आयुष्य काढलेले आप्पा, विड्या वळून संसार ओढलेल्या अक्का. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कन्नड. मागाच्या खटखटीत तीस-चाळीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाचे कान आधी बारीक आवाज सोडतात. स, श, फ ऐकूच येत नाहीत, ‘साठ’ आणि ‘आठ’ एकच वाटतात. आवाज वाढवून उपयोग होत नाही, नुसता गलका होतो. शिकवणाऱ्याने फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, उजेड त्याच्या चेहऱ्यावर पाहिजे, कारण ही माणसं अर्धं ओठांवरून ऐकतात. आम्ही ट्यूबलाईट फळ्यावरून काढून शिकवणाऱ्याच्या समोर बसवली. नोट्स वीस पॉइंटच्या मोठ्या अक्षरात, पिवळसर कागदावर छापल्या, कारण मोतीबिंदूच्या डोळ्याला पांढरा कागद चमकतो.

आणि बोटं. म्हाताऱ्या बोटाची कातडी कोरडी असते, टच स्क्रीनला ती लागत नाही. घरातले म्हणतात, आजीला जमत नाही. आजीला जमतं, पण फोनला आजीचं बोट कळत नाही. टेबलावर ओला रुमाल ठेवा आणि फोनच्या सेटिंगमध्ये दाबून धरण्याचा वेळ वाढवा. मुलांना, सुनांना हात जोडून विनंती आहे, ‘द्या इकडं’ म्हणत त्यांच्या हातातून फोन काढून घेऊ नका.

2012 ते 2017 चांगली गेली. नोटबंदीनंतर तर बसायला जागा नव्हती.

मग 2018 चा जून. शहरातल्याच एका मोठ्या संस्थेने ज्येष्ठांसाठी वर्ग काढले. एसी हॉल, चहा-नाश्ता आणि फी शून्य. आमच्याकडे तेव्हा चौऱ्याहत्तर जण होते. दिवाळीपर्यंत एकोणीस उरले. माणसं गेली याचा राग नाही, फुकट मिळत असेल तर पेन्शनवर जगणारा माणूस जाणारच. पण आमच्याकडे चार वर्षं बँकेचे तास घेणारे गृहस्थही गेले, आणि जाताना आमच्या नोट्स घेऊन गेले. आमच्या छपाईत एक चूक राहिली होती, ‘हयातीचा दाखला’ ऐवजी ‘हयातीचा दाखल’. एका अक्कांनी तिकडची पुस्तिका आणून दाखवली. सातव्या पानावर तोच ‘दाखल’. मी ते पान कितीदा तरी वाचलं. त्या नोट्स सरांनी आणि मी दोन उन्हाळे बसून लिहिल्या होत्या, प्रत्येक वाक्य आधी अक्कांना वाचून दाखवून. त्यांना कळलं नाही ते खोडायचं, अशी रीत होती.

जानेवारीत, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा चालू असताना, तिकडे ठेवीचे फॉर्म वाटले गेले. बँकेच्या जवळजवळ दुप्पट व्याज. बँकेचे तास घेणारे तेच गृहस्थ समजावून सांगत होते, म्हणून लोकांनी विश्वास ठेवला. पाच-सहा महिने व्याज आलं, मग थांबलं, मग हॉललाच कुलूप. आमच्याकडे शिकलेल्या दोघींचे पैसे अडकले. एकीने पाटल्या मोडून भरले होते. त्या माझ्याकडे आल्या, तक्रार लिहून द्या म्हणाल्या. मी लिहिली, सोबतही गेले. पैसे आजवर आलेले नाहीत. जे आमच्याकडून गेले होते त्यातले काही परत आले, काही जण आजही रस्त्यात मला पाहून पलीकडे वळतात. त्यांनी वळू नये. त्यांच्यावर माझा कसलाही राग नाही. त्या गृहस्थांवर आहे आणि तो राहील.

त्या वर्षात वर्ग बंद पडायलाच आला होता. भाडं तीन महिने थकलं, मी सासऱ्यांची सात यंत्रं विकली. एका शनिवारी सरांचं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर व्याख्यान होतं. तीस खुर्च्या मांडलेल्या आणि आले फक्त एक आप्पा. अडतीस वर्षं माग चालवलेले, एका कानाने अजिबात ऐकू न येणारे. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी करू. सरांनी शर्टाची बटणं नीट केली, ट्यूबलाईट लावली, आपली खुर्ची उचलून आप्पांच्या चांगल्या कानाकडे नेली आणि पूर्ण तास बोलले. 1910 मध्ये सोलापुरात जन्मलेला मुलगा, 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला, तिथेच लग्न केलं, तिथेच 1942 मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेला. आप्पा ओठांकडे बघत ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘‘त्या घरावरून इतकी वर्षं सायकल नेलो की ओ, आत कोन ऱ्हात होतं ते आज कळलं.’’ मग खिशातून पाकीट काढून त्यांनी सहा महिन्यांची फी आगाऊ ठेवली, तीनशेप्रमाणे अठराशे. पावती मागून घेतली, आणि वाचून बघितली. पावती वाचल्याशिवाय खिशात घालायची नाही, हे आम्हीच त्यांना शिकवलं होतं.

तेव्हापासून मला कुणी विचारलं, म्हाताऱ्यांकडून फी कशाला घेता, तर मी एवढंच सांगते. फी दिली की माणूस नीट शिकवलं नाही म्हणून भांडू शकतो. फुकटच्या हॉलमध्ये कुणी भांडलं नाही.

2020 च्या टाळेबंदीत आम्ही साध्या फोनवर आठ-आठ जणांना जोडून तास घेतले. 12 जानेवारीला, 1931 साली त्या दिवशी फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांवरचं व्याख्यान एकदाही चुकू दिलं नाही, त्या वर्षानंतरही नाही.

आता नोव्हेंबर आला की पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी रांग लागते. विड्या वळून अक्कांच्या बोटांचे ठसे इतके झिजलेत की यंत्र ते घेतच नाही. पूर्वी दर वर्षी मी त्यांना घेऊन बँकेत जायची, साहेबांसमोर उभं करायची. 2021 पासून मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला होतो, पण ॲप मध्येच डोळे मिचकवायला सांगतं आणि अक्का घाबरून टक लावून बघतात. ते काम आता तेच आप्पा करतात. अक्कांना दारापाशी उजेडात बसवतात, फोन धरतात आणि मान बाजूला काढून स्वतःचे डोळे ठसठशीत मिटून उघडून दाखवतात. एक शब्द बोलत नाहीत. मागच्या नोव्हेंबरात पहिल्याच दिवशी सतरा दाखले झाले.