कुंपणातली पाहुणी

आज सकाळी कुंपणातल्या तगरीवर एक वेल चढलेली दिसली, मी काही लावली नव्हती, आणि वर असलं भन्नाट फूल की चहा हातात तसाच गार झाला. 6 पाकळ्या, सगळ्या वर उलट्या वळलेल्या, कडा कुरळ्या, खाली पिवळ्या नि टोकाला लालभडक, चुलीतल्या जाळासारख्या. मोबाईलवर फोटो टाकला तर ॲप म्हणे लिली. आता लिली म्हणजे कुंडीतली एवढंच मला माहीत, ती कुठे वेलासारखी चढते का?

शेवटी आईला व्हिडिओ कॉल केला. तिने फुलाकडे बघितलंच नाही, म्हणाली पानाचं टोक दाखव. दाखवलं, तर प्रत्येक पानाचं टोक स्प्रिंगसारखं वळून तगरीच्या काडीला गच्च धरून बसलेलं. लगेच म्हणाली, "अगं कळलावी ती! कंदाला हात लावू नकोस, विषारी असतो." पूर्वी बाळंतपणात कळा याव्यात म्हणून वापरायचे, म्हणून कळलावी. (आमच्या घरात हे नाव दुसऱ्याच कोणालातरी होतं, असो.)

मग वाचत बसले. अग्निशिखा तीच, तामिळनाडूचं राज्यफूल पण हीच. कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं, संधिवाताच्या एका प्रकारावर देतात ते, पण कंद पोटात गेला तर जीवावर बेततं. फूल आधी हिरवट पिवळं असतं, मग लाल होत जातं, म्हणजे उद्या रंग अजून वेगळा.

उपटणार नाहीये. फक्त शेजारचं पिल्लू बॉल शोधायला तिकडेच घुसतं, म्हणून संध्याकाळी जाळी लावली.