दहा ग्रॅमचे पावणेसहा

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी मला हायड्रोटाल्साइटचा प्रोजेक्ट मिळाला. मॅग्नेशियम आणि अॅल्युमिनियमचं थराथरांचं हायड्रॉक्साइड बनवायचं, तापवून त्याचं ऑक्साइड करायचं आणि सोयाबीन तेलाचं बायोडिझेल करताना ते उत्प्रेरक म्हणून वापरायचं. "सोपं आहे," मॅडम म्हणाल्या. जून संपत आला होता आणि कॉलेज कोकणात, हे आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही.

हायड्रॉक्साइड करण्यात फार काही नाही. दोन्ही धातूंच्या नायट्रेटांचं द्रावण एका बाजूनं, कॉस्टिक सोडा आणि सोडियम कार्बोनेटचं दुसऱ्या बाजूनं थेंबथेंब सोडायचं, पीएच १० धरून ठेवायचा. रात्रभर ६५ अंशांवर ढवळत ठेवलं की पांढरा लगदा तयार. तो धुणं मात्र अंत पाहतं, कारण आत सोडियम राहिलं तर पुढे तेच अभिक्रिया घडवतं आणि शाबासकी उत्प्रेरकाला मिळते. धुतलेल्या पाण्याचा पीएच ७ ला येईपर्यंत माझे दोन दिवस गेले.

मग भट्टी. दहावीच्या पुस्तकात याला निस्तापन म्हणतात. लॅबमध्ये सगळे 'कॅल्सिन करायला लावलंय' म्हणतात. हिशेब आधीच मांडला होता. मॅग्नेशियम-अॅल्युमिनियमचं प्रमाण ३:१ असेल, तर साधारण २०० अंशांपर्यंत थरांमधलं पाणी जातं. त्यापुढे थरांचे हायड्रॉक्सिल (OH गट) पाणी होऊन उडतात आणि कार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड निघतो. सगळं मिळून ४३ टक्के वजन कमी व्हायला हवं, म्हणजे १० ग्रॅमचे ५.७.

माझे भरले ६.४.

क्रुसिबल, म्हणजे भट्टीत ठेवायचं भांडं, उलटून पाहिलं, पण डोळ्यांना काय कळणार? हायड्रॉक्साइड पांढरं, ऑक्साइडही पांढरं. लॅबमधले मामा मागून म्हणाले, "बाई, पातेलं शिगोशीग भरलंत तर मधला भात कच्चाच राहणार." खरंच, उभं क्रुसिबल मी काठोकाठ भरलं होतं. भट्टीचा आकडा ४५० दाखवत होता, पण तो हवेचा. पावडरीच्या पोटात काय चाललंय ते त्याला कुठून ठाऊक? दुसऱ्या खेपेला पसरट बशीत पातळ थर दिला, मिनिटाला ५ अंश वाढवत ४५० पर्यंत नेलं आणि तिथे चार तास ठेवलं. वजन ५.७. मी मामांना चहा पाजला.

नमुना एक्सआरडीसाठी, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना पाहण्यासाठी, बाहेर पाठवला. दोन आठवड्यांनी आलेख आला आणि ११.६ अंशांच्या (हे अंश कोनाचे) आसपास, जिथे थर दिसतात नेमकं तिथेच, शिखर उभं! म्हणजे हायड्रॉक्साइड मोडलंच नव्हतं? मॅडम म्हणाल्या, भट्टी खराब असेल, तपासून घे. मला पटेना. भट्टी खोटं बोलेल, पण वजनकाटा?

उरलेली पावडर प्लॅस्टिकच्या बाटलीत होती. मोजून ठेवलेले २ ग्रॅम पुन्हा काट्यावर ठेवले तर २.६ भरले. बाटलीत पावडर कुणी घातली नव्हती. घातलं होतं ते पावसाळ्यानं. या पदार्थाच्या या खोडीला मेमरी इफेक्ट म्हणतात. ४५० अंशांवर झालेलं मिश्र ऑक्साइड ओल आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आपले जुने थर पुन्हा रचतं. ८००-९०० अंशांपर्यंत तापवलं तर त्यातून स्पिनेल नावाचं घट्ट स्फटिक बनतं, मग ते सहसा माघारी फिरत नाही. पण तेव्हा पृष्ठभागही आटतो आणि उत्प्रेरक म्हणून त्याची धार जाते. वाचलं होतं मी हे सगळं. वाचलेलं आपल्याच बाटलीत घडेल असं मात्र वाटलं नव्हतं.

त्यानंतर नवा शिरस्ता पाडला. भट्टी १५० पर्यंत उतरली की बशी चिमट्यानं थेट डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या झाकणबंद भांड्यात. थंड झाल्यावर लगेच वजन, आणि त्याच दिवशी पावडर मेथेनॉल-तेलाच्या फ्लास्कमध्ये. पुढचा नमुना काचेच्या नळीत सीलबंद करून पाठवला. या वेळी आलेखात ११.६ ला काही नव्हतं. ४३ आणि ६२ च्या आसपास मॅग्नेशियम ऑक्साइडच्या दोन बसक्या, रुंद टेकड्या होत्या.

एवढं होईपर्यंत ऑगस्ट उजाडला. डेसिकेटरमधली निळी सिलिका जेल दर दोन-तीन दिवसांनी गुलाबी पडायची, आणि ती ओव्हनमध्ये सुकवायचं काम मामांनी आपणहून अंगावर घेतलं होतं.