पान एकतीस: ग्राहक आयोगात आप्पांची बाजू मांडताना

आरोग्य विमा कंपनीचं पत्र इंग्रजीत होतं. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी ते मराठीत वाचून दाखवलं: पॉलिसी घेताना रक्तदाबाचा जुना आजार दडवला, म्हणून दावा नामंजूर. बिल १,८४,६०० रुपयांचं होतं, पित्ताशयातल्या खड्यांसाठी दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेचं. पण आप्पांनी रकमेबद्दल एक अक्षर काढलं नाही. "दडवला असं लिहिलंय?" एवढंच दोनदा विचारलं. ३४ वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून काढलेला माणूस. रात्री डेपोत पैसे भरताना दोन रुपये कमी आले तर खिशातून घालायचे, आणि जास्त आले तर कुणाचे सुट्टे द्यायचे राहिले ते आठवत बसायचे. त्यांना ७१व्या वर्षी कुणीतरी लेखी खोटं ठरवलं होतं.

खरी हकीगत अशी. पॉलिसी जून २०१८ची. रक्तदाब निघाला जुलै २०२१मध्ये. जानेवारी २०२२मध्ये रात्री दोन वाजता पोटात कळा सुरू झाल्या, दवाखान्यात नेलं, चौथ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. घरी सोडताना मिळालेल्या डिस्चार्ज कार्डवर मात्र टाइप झालं होतं, 'रक्तदाब, ६ वर्षे'. सहा महिन्यांचे सहा वर्षं झाले होते आणि आमच्यापैकी कुणी ते वाचलंच नव्हतं. एप्रिलमध्ये कंपनीचं पत्र आलं तेव्हा कळलं. कार्ड हातात मिळाल्यावर दवाखान्याच्या दारातच वाचून घ्या, हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगते.

कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाला दोन पत्रं पाठवली. दोन्हींना तेच उत्तर, मजकूरसुद्धा तोच. पुढे दोन रस्ते होते. विमा लोकपालाकडे जायला पैसे लागत नाहीत, वकील चालत नाही, आणि त्याचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो; मात्र कंपनीनं नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबई, पुणे आणि ठाण्याला आहेत. दुसरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. तिथे दोन वर्षांची मुदत असते आणि पुरावा शपथपत्रावर घेतला जातो. मला डॉक्टरांचं म्हणणं शपथेवर हवं होतं, म्हणून आयोग निवडला. २०१९च्या कायद्यानं तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, त्यामुळे कंपनीच्या मुख्य कार्यालयाच्या शहरात खेटे घालायची गरज नव्हती. शुल्कही नाही. नव्या कायद्यात दाव्याची रक्कम बघत नाहीत, आपण मोजलेला मोबदला बघतात, म्हणजे इथे विम्याचा हप्ता. आणि तो ५ लाखांच्या आत असला तर फी शून्य. आप्पांचा वर्षाचा हप्ता २२ हजारांच्या आसपास होता.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांसाठी मुलांची तयारी करून घेते. त्यामुळे आप्पांची बाजू मीच मांडीन हे मी लगेच ठरवलं. आप्पांचं अधिकारपत्र घेतलं आणि तीन रात्री जागून नऊ पानांची तक्रार लिहिली. एसटीतली वर्षं, आईचे मोडलेले दागिने, वृद्धापकाळी झालेला अपमान, सगळं त्यात होतं. वाचताना माझा मलाच हुंदका येत होता.

आमच्या आळीत जिल्हा न्यायालयातून निवृत्त झालेले एक शिरस्तेदार राहतात, मी त्यांना काका म्हणते. त्यांना ती पानं दाखवली. त्यांनी पेन्सिल घेतली आणि प्रत्येक वाक्यासमोर समासात दोनच शब्द लिहीत गेले: "कागद कुठला?" जिथे उत्तर होतं तिथे बरोबरची खूण, नव्हतं तिथे रेघ. नऊ पानांतली साडेतीन उरली. मला वाईट वाटलं. ते म्हणाले, "बाई, तू लिहिलंस ते खोटं नाही. पण समोर बसलेल्या माणसाला निकालपत्रात काहीतरी लिहावं लागतं. तुझ्या आईच्या दागिन्यांवरून त्याला कंपनीविरुद्ध आदेश लिहिता येणार नाही. त्याला लिहिता येईल असं काहीतरी दे."

हे मी आजवर मुलांना शिकवलंच नव्हतं. मी शिकवत आले की ऐकणाऱ्याच्या मनाला हात घाला. पण इथे ऐकणाऱ्याचं मन आपल्या बाजूनं असलं तरी त्याचा हात बांधलेला असतो. तो सोडवणारा कागद आपण पुरवायचा.

कागद कुठून आणायचा, तर आप्पांच्या पिशवीतून. निवृत्त होताना आणलेली खाकी कापडी पिशवी आहे. वीजबिलं, खताच्या पावत्या, नातवाच्या लसीकरणाचं कार्ड, सगळं साल लावून बांधलेलं. तीत नोव्हेंबर २०१८च्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे कागद सापडले. डोळ्याच्या ऑपरेशनआधी फिजिशियनकडून तपासून घेतात, त्याची चिठ्ठी होती: रक्तदाब १२६/८२, रक्तदाब किंवा मधुमेहाचा पूर्वेतिहास नाही, गोळ्या चालू नाहीत. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे आजार २०१६पासूनचा. आणि २०१८मध्ये ज्याचा या वादाशी काही संबंध नाही अशा डॉक्टरनं, भांडण सुरू व्हायच्या कितीतरी आधी, नाही म्हणून लिहून ठेवलं होतं. आपल्या बाजूचा पुरावा वादाच्या आधीचा असेल तर त्याचं वजन वेगळंच असतं.

मग दवाखान्यातला आतला केसपेपर मागितला. रुग्णानं नोंदी मागितल्या तर ७२ तासांत द्याव्यात असा वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२च्या नियमावलीत नियम आहे. अर्जात तो लिहिला, पोच घेतली, तिसऱ्या दिवशी झेरॉक्स मिळाली. दाखल केलं त्या रात्रीच्या हस्ताक्षरात रक्तदाबापुढे लिहिलं होतं '६/१२'. डॉक्टर मंडळी बारा खाली घालून महिने दाखवतात, म्हणजे बारातले सहा. टाइप करणाऱ्यानं त्याचे सहा वर्षं केले होते.

ते पान बघून मी घरी ओरडलेच. पण कागद सापडणं आणि त्याचा अर्थ शपथेवर मिळणं यात दोन महिने गेले. सर्जन भले माणूस, पण शपथपत्र म्हटल्यावर मागे सरले. पहिल्या भेटीत मी त्यांच्याशी वादच घातला: चूक तुमच्या दवाखान्याची, भोगायचं आम्ही का? बोलणं बरोबर होतं आणि उपयोग शून्य झाला. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि पुढचा पेशंट आत बोलावला. दुसऱ्या वेळी मी कच्चा मसुदा टाइप करून नेला, चार वाक्यांचा. रुग्णावर मी शस्त्रक्रिया केली. केसपेपरवरची नोंद '६/१२' अशी आहे. वैद्यकीय लेखनात याचा अर्थ सहा महिने. पित्ताशयातल्या खड्यांचं कारण रक्तदाब नव्हे. चूक कुणाची, याबद्दल एक शब्द नाही. "साहेब, तुम्हाला जे माहीत आहे तेवढंच आहे. एखादं वाक्य जड वाटत असेल तर खोडा." त्यांनी एकही खोडलं नाही. नोटरीकडे यायलाही स्वतःच्या गाडीनं आले. या सगळ्या प्रवासात मी मन वळवण्याबद्दल जे शिकले त्यातलं निम्मं त्या दहा मिनिटांत शिकले. समोरच्याला कशाची भीती वाटते ते आधी ओळखून तेवढं बाजूला ठेवलं, तर तो पुढचं आपणहून करतो.

फेब्रुवारी २०२३मध्ये तक्रार दाखल केली. तेव्हा 'ई-दाखिल' या ऑनलाइन पोर्टलवरून घरबसल्याही करता येत होती, आता त्यासाठी 'ई-जागृती' आहे. मी मात्र एसटीनं दीड तास जाऊन कागदाचे संच दिले, कारण मला ते कार्यालय, तिथला बोर्ड, सुनावणीचा हॉल आधी बघायचा होता. पहिल्या तारखेला मी इतर प्रकरणं ऐकत दिवसभर बसून राहिले. प्रत्येक संचाला एक ते अठ्ठेचाळीस पानक्रमांक घातले होते आणि कागद यादीत त्याच क्रमानं नोंदी होत्या. हे साधं काम वाटतं. याचा उपयोग पुढे सांगते.

नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवसांत, सामनेवाल्यांनी, म्हणजे विरुद्ध बाजूनं, लेखी कैफियत (तक्रारीला उत्तर) द्यायची असते. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ही ४५ दिवसांची मर्यादा पक्की केली. कंपनीची कैफियत ४३व्या दिवशी आली. मी त्यावर अर्ज ठोकणार होते, पण काकांनी थांबवलं. पंधरा दिवस वाढवून द्यायचा आयोगाला अधिकार आहे, मग हरणाऱ्या मुद्द्यावर पहिल्याच तारखेला भांडून आपली किंमत का कमी करून घ्यायची? अर्ज फाडला.

कैफियतीसोबत सर्वोच्च न्यायालयाचा २००९चा निकाल जोडलेला होता, सतवंत कौर संधू विरुद्ध न्यू इंडिया अॅश्युरन्स. महत्त्वाची माहिती लपवली तर कंपनी दावा नाकारू शकते, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. तो वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. नंतर मी तो पुन्हा वाचला, या वेळी हकीगतीचा भाग. त्यातल्या विमेदाराला अनेक वर्षांचा मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार होता, आणि त्याच आजाराच्या उपचाराचा दावा होता. आमच्याकडे आजारही वेगळा आणि तो पॉलिसीनंतरचा. आपल्याला अनुकूल निकाल सगळेच शोधतात. मला २०१५चा सुलभा मोटेगावकर विरुद्ध एलआयसी हा सापडला: न सांगितलेलं पाठीच्या मणक्याचं दुखणं, मृत्यू हृदयविकारानं, दोन्हींचा संबंध नाही म्हणून दावा मंजूर. पण माझा खरा वेळ समोरच्याच्या निकालावर गेला आणि तो सार्थकी लागला असं आजही वाटतं.

एक पेच शेवटपर्यंत सतावत होता. 'आप्पांना आजार नव्हताच' हा पहिला मुद्दा. 'होता असं धरलं तरी पित्ताशयाशी त्याचा संबंध नाही' हा दुसरा. वकील असे 'जरी-तरी' सहज मांडतात. आप्पांना मात्र दुसरा मुद्दा ऐकून धक्का बसला. "होता असं का धरायचं? म्हणजे मी दडवलं हे तूच कबूल केलंस." मी पुष्कळ समजावलं, पटेना. शेवटी लेखी युक्तिवादात त्यांच्या सांगण्यावरून एक वाक्य घातलं: हा दुसरा मुद्दा केवळ कायद्याच्या दृष्टीनं मांडला असून तक्रारदार पहिल्या मुद्द्यावर ठाम आहेत. काकांनी ते वाचून मान डोलावली.

मधल्या एका तारखेला कंपनीच्या वकिलांनी व्हरांड्यात मला बाजूला घेऊन सांगितलं, निम्म्या रकमेवर मिटवू. बोलणं सभ्य होतं आणि पैशांची गरजही होती. मी आप्पांकडे बघितलं. "पत्र मागे घेतील का?" त्यांनी विचारलं. पत्राचं काही बोलता येणार नाही, असं वकील म्हणाले. विषय तिथे संपला.

अंतिम युक्तिवाद ऑगस्ट २०२४मध्ये झाला. माझ्याजवळ बारा मिनिटांचं भाषण होतं, आरशासमोर पाठ केलेलं. कंपनीचे वकील आधी बोलले, मुद्देसूद आणि जोरात. माझी पाळी आली तेव्हा दुपारचे सव्वा वाजले होते, आणि अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, लेखी युक्तिवाद दाखल आहे ना? मुद्दा काय तेवढं सांगा."

भाषण मी फाइलखाली सरकवलं. म्हटलं, "सामनेवाल्यांनी दाखल केलेला निकाल योग्य आहे, तो आम्हाला मान्य आहे. इथे तो लागू का होत नाही, यासाठी मी फक्त तीन पानं दाखवते. पान एकतीस."

तिघांनीही पानं उलटली. पान लगेच सापडलं, सगळ्यांना एकाच वेळी, कारण क्रमांक होते. एकतिसावर केसपेपर. एक सदस्या वाकून बघत म्हणाल्या, "हे सहा बाय बारा काय आहे?" उत्तर माझ्या ओठांवर होतं, पण ते माझं मत झालं असतं. मी म्हटलं, "पान चौतीस, डॉक्टरांचं शपथपत्र, परिच्छेद तीन." त्यांनी स्वतःच वाचलं. मग पान बावीस, २०१८ची चिठ्ठी. अध्यक्षांनी वकिलांना विचारलं, "२०१८च्या आधीच्या उपचाराचा एखादा कागद, औषधाची चिठ्ठी, काही दाखल केलंय?" वकिलांनी फाइल चाळली. डिस्चार्ज कार्डाखेरीज काही नव्हतं. मी आणखी काही बोलले नाही. बोलायची इच्छा अनावर होती, तरी गप्प राहिले. पुरती चार मिनिटंही झाली नसतील. प्रकरण निकालासाठी बंद झालं.

ऑक्टोबरमध्ये निकाल आला: तक्रार अंशतः मंजूर. बिलातल्या पॉलिसीत न बसणाऱ्या वस्तू वजा जाता १,७१,२०० रुपये, दावा नाकारल्याच्या तारखेपासून द.सा.द.शे. ९ टक्के व्याज, मानसिक त्रासापोटी १५ हजार, खर्चाचे ५ हजार. मानसिक त्रासाचे मी २ लाख मागितले होते. तो आकडा संतापात घातला होता आणि त्यालाही कागद नव्हता. कंपनीला राज्य आयोगात अपील करायला ४५ दिवस होते, आदेशाची निम्मी रक्कम भरून. त्यांनी अपील केलं नाही. ४१व्या दिवशी पैसे जमा झाले.

आप्पांनी निकालपत्र माझ्याकडून पूर्ण वाचून घेतलं. नवव्या परिच्छेदात होतं, 'तक्रारदाराने आजाराची माहिती दडवल्याचे सामनेवाले सिद्ध करू शकले नाहीत.' तो परिच्छेद आई स्वयंपाकघरातून आल्यावर पुन्हा वाचायला लावला. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या एका पानाच्या चार झेरॉक्स काढून आणल्या. एक पॉलिसी काढून देणाऱ्या एजंटाला नेऊन दिली, एक सर्जनना, एक काकांना, आणि उरलेली २०२४ लिहिलेल्या गठ्ठ्यात बांधून पिशवीत ठेवली.